वाचन अडलेल्या मुलाला घरी शिकवायचं तर

"पोरगं हुशार हाय ओ, पण पुस्तक उघडलं की गप्प बसतंय." सांगली-मिरजेकडच्या पालकांच्या तोंडून हे वाक्य मी सतत ऐकते. पाठोपाठ प्रश्न येतो, शाळेतून नाव काढून घरीच शिकवलं तर चालेल का? वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांबरोबर मी काम करते. या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही, पण घरी शिकवण्याचा फायदा नेमका कुठे होतो हे मात्र नीट सांगता येतं.

तिसरी-चौथीनंतर शाळेत जवळजवळ सगळं वाचनातूनच मुलापर्यंत पोचतं. परिसर अभ्यास वाचायचा, गणिताचं शाब्दिक उदाहरण वाचायचं, उत्तर लिहायचं. ज्याचं वाचन अडलं त्याचा इतिहास अडतो, विज्ञान अडतं, आणि दोन-तीन वर्षांत डोकं चांगलं असलेलं मूल खरोखरच मागे पडतं. घरी ही गाठ सोडवता येते. वाचायला शिकवणं हे एक काम आणि जगाबद्दल शिकवणं हे दुसरं काम. दोन्हींची वेळ वेगळी, पद्धत वेगळी. वाचन सुधारायला दोन वर्षं लागोत की चार, तोवर दुसरं काम थांबत नाही. एवढं जमणार असेल तर घरी शिकवण्यात अर्थ आहे. शाळेचंच वेळापत्रक घरच्या टेबलावर मांडायचं असेल, तर मूल शाळेत राहिलेलं बरं. तिथे निदान सवंगडी असतात.

आधी अडचण कसली ते पाहू

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत. त्यांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आहे. वाचनात अडचण येते तिला डिस्लेक्सिया म्हणतात, लेखनातल्या अडचणीला डिसग्राफिया, आकड्यांतल्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया. बुद्धी चांगली असते, डोळे-कान ठीक असतात, शिकवणारे असतात, तरी ठरावीक कौशल्य बसत नाही, अशी ही अवस्था आहे. वेगवेगळ्या भाषांमध्ये मिळून शाळकरी मुलांपैकी ५ ते १५ टक्के मुलांना ती कमीअधिक प्रमाणात असते असं मानलं जातं. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन-तीन तरी. डिस्लेक्सियात मेंदूला बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षराशी जोडणं जड जातं. पुष्कळदा हे घराण्यात चालत आलेलं असतं. वडील सांगतात, "मलाही सातवीपर्यंत धड वाचता येत नव्हतं." याला गोळी नाही, रंगीत काचांच्या चष्म्याने ते जात नाही, आणि मोबाईल पाहिल्यामुळे ते झालेलंही नसतं.

घरी शिकवायचा निर्णय घेण्याआधी दोन तपासण्या मात्र करून घ्याच: डोळे आणि कान. सर्दी-कानदुखी सतत होणाऱ्या मुलाला एका कानाने कमी ऐकू येत असतं आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याला 'प' आणि 'ब' यांतला फरक ऐकूच येत नसेल, तर लिहिताना चुकणारच.

आणखी एक घोटाळा आपल्याकडे फार होतो. घरात मराठी, गल्लीत मराठी, आणि मूल इंग्रजी माध्यमात. त्याला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून त्याच्यावर डिस्लेक्सियाचा शिक्का बसतो. माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की त्याला मराठी किती शिकवलंय आणि ते कसं वाचतं? मराठी नीट शिकवूनही दोन्ही भाषांत अडत असेल तर संशय घ्यायला जागा आहे. मराठी सहज वाचत असेल तर बहुधा भाषेचीच अडचण आहे, आणि तिचा उपाय वेगळा. 'गेल्तो', 'हाय', 'करायलाय' असं बोलणारं मूल पुस्तकातल्या मराठीत अडखळतं तेही अक्षमता नव्हे. घरची बोली आणि पुस्तकी मराठी यांत अंतर आहे एवढंच. ते बोलतं तसं त्याला आधी लिहू द्यावं, मग पुस्तकी रूप शेजारी मांडावं.

मराठी वाचायला शिकवणं: इथेच सगळा वेळ द्या

बाजारात मिळणारी बहुतेक रेमेडियल पुस्तकं, म्हणजे अडणाऱ्या मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवायची पुस्तकं, इंग्रजी वाचनासाठी लिहिलेली असतात. त्यांची मूळ पद्धत चांगली आहे. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अॅना गिलिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा पाया घातला. एका वेळी एकच गोष्ट, ठरलेल्या क्रमाने, डोळा-कान-हात तिन्ही वापरून आणि पक्की होईपर्यंत उजळणी. पण मराठीची लिपी वेगळी आहे. त्यामुळे मूल कुठे अडेल तेही वेगळं असतं, आणि घरी शिकवणाऱ्याने हे समजून घेतलं तर निम्मं काम झालं.

मराठीत अक्षराचा आवाज जवळजवळ ठरलेला असतो. त्यामुळे आपल्या मुलांच्या चुका काही महिन्यांत कमी होतात, पण वेग येत नाही. मूल बरोबर वाचतं, फार सावकाश वाचतं, आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. 'आता येतंय की वाचायला' म्हणून पालक थांबतात. खरं काम तिथे सुरू होतं.

दुसरी गोष्ट चिन्हांच्या संख्येची. इंग्रजीत सव्वीस अक्षरं. आपल्याकडे व्यंजनं, प्रत्येकाच्या मात्रा, वर जोडाक्षरं धरून डोळ्याला ओळखायच्या आकृत्या काही शेकड्यांत जातात. चांगलं शिकणाऱ्या मुलालाही ही सगळी पक्की व्हायला चौथी उजाडते. अडणाऱ्या मुलाला जास्तच वेळ लागणार, हे आधीच मान्य करून बसावं.

बाराखडीबद्दल माझं ठाम मत आहे. 'क का कि की' तालात म्हणता येणं हे वाचन नव्हे, पाठांतर आहे. मूल सगळी बाराखडी खडाखडा म्हणतं, आणि मधलाच 'कु' दाखवला की 'क'पासून मनात मोजत येतं. म्हणून सुरुवात वर्णमालेच्या क्रमाने करू नका. दिसायला एकमेकांपासून दूर असलेली चार-पाच अक्षरं घ्या, उदाहरणार्थ म, क, ल, स, न. त्यांना काना जोडा. लगेच शब्द तयार होतात: काम, मामा, साल, कमान, नाक. पहिल्या आठवड्यात मूल खरे शब्द वाचतं, आणि ज्याने तीन वर्षं हार खाल्ली आहे त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट असते. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध', 'प' आणि 'ष', 'ब' आणि 'व' या जोड्या एकत्र कधीच शिकवू नका. एक पूर्ण पक्कं झाल्यावर, मध्ये बरेच दिवस जाऊ देऊन, दुसरं आणा.

मात्रांमध्ये काना आणि दीर्घ ईकार आधी, ऱ्हस्व इकार नंतर. कारण साधं आहे. 'कि' बोलताना आधी क येतो, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी, क नंतर. कानाचा क्रम आणि डोळ्याचा क्रम इथे उलटा होतो. आपल्याला वर्षानुवर्षांच्या सवयीने ते जाणवत नाही, मुलाला फार जाणवतं. 'दिवस' या शब्दात वेलांटी वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने काढा आणि बोट आधी द वर ठेवायला शिकवा.

मग शब्दाच्या शेवटच्या अक्षराची गंमत. आपण 'कमळ' लिहितो, तेव्हा शेवटच्या ळ मधला अ बोलत नाही. सुटं-सुटं वाचणारं मूल 'क-म-ळ' असं तिन्ही पूर्ण म्हणतं, आणि त्याला तो शब्द ओळखूच येत नाही. त्याला हे सरळ सांगावं लागतं: सुटं वाचून झालं की पटकन एकत्र म्हण आणि शेवट हलका सोड. आपोआप कळेल म्हणून थांबू नका. या मुलांना जे इतरांना आपोआप कळतं तेच उघड करून शिकवायचं असतं.

जोडाक्षरं सर्वांत शेवटी, आणि त्यांतही र स्वतंत्रपणे. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर जातो, 'चक्र'मध्ये पोटाला तिरपी रेघ होतो, 'ट्रक'मध्ये खाली टोपी होतो, 'शेतकऱ्याचा' लिहिताना अर्धचंद्रासारखा वळतो. आवाज एक, वेश चार. प्रत्येकाला निदान एक आठवडा द्या. आणि आपल्या भागातलं मूल पाटीवर रोज बघतं तो शब्द, 'कृष्णा', त्यात ऋकारही आहे आणि 'ष्ण'सुद्धा. मुलाला आपल्याच नदीचं नाव वाचता आलं नाही म्हणून कुणी हसलं, तर तो शब्द खरोखर अवघड आहे हे त्याला सांगा.

या सगळ्याच्या आधी आणि बरोबर कानाचे खेळ हवेत. पुस्तक बंद. "'सांगली'तला 'सां' काढला तर काय उरलं?" "गली." "'मिरज'मधला 'मि' काढ." "रज." "'काम'मधल्या 'का'च्या जागी 'ना' टाक." स्वयंपाक करताना, गाडीवरून जाताना दहा मिनिटं पुरतात. वाचनाचा सगळा इमला या आवाज सुटे करण्याच्या कौशल्यावर उभा राहतो, आणि याला पैसा लागत नाही. हातासाठी परातीत रांगोळी किंवा रवा पसरून बोटाने अक्षर काढायचं, काढताना आवाज मोठ्याने म्हणायचा. वीस मिनिटांचा पाठ, दिवसातून दोनदा. त्यातली पंधरा मिनिटं जुन्याची उजळणी, पाचच नव्याला. तासभर बसवलं की पुढच्या दिवशी मूल पोटात दुखतंय म्हणून सांगतं, आणि ते खोटं बोलत नसतं.

बाकीचा दिवस जगाचा

आता दुसरं काम. इथे पुस्तक मुलाने वाचायचं नाही, तुम्ही वाचून दाखवायचं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. त्यांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अॅपवरचे व्हिडिओ उघडतात. मोबाईल मजकूर वाचूनही दाखवतो. काही पालकांना हे लबाडीचं वाटतं. ते तसं अजिबात नाही. इतिहासाच्या तासाला त्याचा इतिहास तपासायचा, वाचन नव्हे.

आणि सांगली जिल्ह्यात तर शिकण्यासारखं दाराबाहेर उभं आहे. सातवी-आठवीत आम्ल-आम्लारीचा धडा येतो. हळदीच्या पाण्यात चुना किंवा साबण टाकला की ते लाल होतं, लिंबू पिळलं की परत पिवळं. इथली हळद भौगोलिक मानांकन मिळालेली. कंद का शिजवायचा, कसा वाळवायचा, पॉलिश म्हणजे काय, मार्केट यार्डात सौदा कसा निघतो हे बघून आलेलं मूल तासभर बोलतं. स्वातंत्र्यलढ्याचा धडा असेल तर कुंडलला जा. इंग्रजांना झुगारून क्रांतिसिंह नाना पाटलांनी चालवलेल्या प्रतिसरकारचं ते केंद्र. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे क्रांतिकारकांनी अडवली, ती गोष्ट जवळपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आईवडिलांकडून ऐकलेली आहे. तिथूनच जवळ यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे, आणि सागरेश्वरचं अभयारण्य, जे माणसांनी झाडं लावून उभं केलं. एका दिवसात इतिहास, नागरिकशास्त्र, पर्यावरण. घरी आल्यावर वहीत अर्धं पान लिहायला लावू नका. मोबाईलवर पाच मिनिटं बोलून रेकॉर्ड करू दे. तीच त्याची उत्तरपत्रिका. मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानात उभं राहिलं तर तार लांब-आखूड केली की सूर का बदलतो हे भौतिकशास्त्र कानानेच कळतं.

लेखनाबद्दल थोडक्यात. अक्षर वाईट, हात दुखतो, शब्दांत अंतर नाही, अशा मुलाला शुद्धलेखनाची दहा-दहा पानं घालणं म्हणजे शिक्षाच. रुंद ओळींची दुरेघी वही, त्रिकोणी पेन्सिल, रोज तीन-चारच ओळी. बाकीचं बोलून. फोनवर मराठीत बोललं की मजकूर उमटतो, तो मुलाने ऐकून दुरुस्त करायचा. दहा-अकराव्या वर्षी टायपिंग सुरू केलं तर पुढे त्याचा फार आधार होतो.

आकडे

मराठी अंकनामं डिसकॅल्क्युलिया असलेल्या मुलाला दुप्पट छळतात. 'सदतीस' ऐकताना आधी सात येतो, मग तीस. लिहायचं मात्र ३ आधी. म्हणून ७३ होतं. 'एकोणतीस'मध्ये कानाला तीस ऐकू येतं, लिहायचं मात्र २९. ७९ 'एकोणऐंशी', ८९ 'एकोणनव्वद', आणि ९९ अचानक 'नव्याण्णव'. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशीही वाचनाची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या पद्धतीचं समर्थन केलं होतं, आणि जुने शब्दही पुस्तकात ठेवलेलेच होते. त्या वादात मी पूर्ण त्यांच्या बाजूची आहे. अडणाऱ्या मुलाला 'तीस सात' म्हणू द्यावं आणि हिशेब पक्का झाल्यावर 'सदतीस' जोडावं. आपल्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यात कानडी बोलणारी मुलं एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, वीस आधी, एक नंतर. त्यांचं काही अडत नाही.

वस्तू, मग चित्र, मग आकडा, हा क्रम कधी मोडू नका. पावसाळ्यात सांगलीत घराघरांत एकच चौकशी असते, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर? इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. भिंतीवर उभी पट्टी काढा, फुटांच्या खुणा करा, रोज आलेला आकडा रंगवा. काल २३, आज २८, किती चढलं? धोक्याला किती उरलं? २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेलं, म्हणजे धोक्याच्या वर किती? वजाबाकी म्हणजे दोन खुणांमधलं अंतर, हे अशा पट्टीवर जितकं दिसतं तितकं वहीत दिसत नाही. ज्या घराने पुरात खूप सोसलंय तिथे मात्र हा खेळ मुलाला सोसेल का ते आधी बघा.

अपूर्णांकांत तर मराठी आपल्या मदतीला येते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. मंडईत पिशवी मुलाच्या हातात द्या, सुटे पैसे त्यालाच मोजू द्या. सव्वाशे म्हणजे किती हे ज्याला भाजीवाल्या मावशींनी शिकवलं, त्याला १.२५ ची भीती वाटत नाही. वहीत उभी मांडणी करताना चौकटींची वही वापरा, एका चौकटीत एक अंक. पाढे पाठ होत नसतील तर तक्ता समोर ठेवून पुढचं गणित शिकवा. पाढ्यासाठी भागाकार अडवून धरू नये.

कायदा आणि कागद

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यातली सक्ती मुख्यतः सरकारवर आहे, की प्रत्येक मुलाला शाळा मिळालीच पाहिजे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असंही कलम १० सांगतं, पण ते न पाळल्यास पालकांना दंड किंवा शिक्षा कायद्यात नाही. सर्वसाधारण मुलांच्या घरशिक्षणाबद्दल कायदा गप्प आहे, परवानगीही नाही आणि बंदीही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गंभीर किंवा एकाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय स्पष्टपणे दिला. वाचन अक्षमता असलेलं मूल सहसा त्या व्याख्येत बसत नाही, हे लक्षात ठेवा.

व्यवहारात काय होतं? नाव कमी केलं की मूल शाळाबाह्य म्हणून नोंदवलं जाऊ शकतं. सर्वेक्षणाला शिक्षक किंवा बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायला मदत करणारे) दारात येतात. त्यांच्याशी भांडू नका, ते आपलं काम करत असतात. काय शिकवता, कसं शिकवता याची वही दाखवा. आणि रागाच्या भरात शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. माझा सल्ला असा, की आधी नाव शाळेत ठेवून मुख्याध्यापकांशी बोला. काही तास शाळेत, काही घरी, असं कुठे जमतं, कुठे जमत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांबरोबरच शिकवण्यासाठीचे, विशेष शिक्षक असतात. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात त्यांची चौकशी करा. शाळेत मुलाला मारणं किंवा अपमान करणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केलं आहे. तेच नाव काढायचं कारण असेल तर ते आधी लेखी मांडा.

तपासणीचं प्रमाणपत्र हा दुसरा कागद. वयाची आठ वर्षं होण्याआधी ते सहसा दिलं जात नाही, कारण त्याआधीचा मंदपणा पुष्कळदा वयाने भरून निघतो. आधी बुद्ध्यांकाची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. मूल ज्या भाषेत शिकलं त्याच भाषेत त्या झाल्या पाहिजेत, याचा आग्रह धरा. चौकशीची पहिली जागा म्हणजे आपलं शासकीय रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील. शाळा-अंगणवाड्यांत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडूनही पुढे पाठवणी होते. हेलपाटे पडतात, म्हणून आधी फोन करून कोणत्या दिवशी कोण असतं ते विचारून निघा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाची नोंद असेल तर दिव्यांग हक्क कायद्याचे बरेच लाभ मिळतात. पण शिकवणं प्रमाणपत्रासाठी थांबवायचं नाही. संशय आला त्या दिवसापासून कानाचे खेळ सुरू करता येतात.

दहावीचं काय?

नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारतात. वाटा तीन आहेत. एक, राज्य मंडळाची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून, ज्याला सगळे १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. सांगली, सातारा, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर तासाला वीस मिनिटं जादा, लेखनिक, भाषेत आणि गणितात काही सवलती मिळतात, पण अर्ज वेळेत करावा लागतो. परीक्षेच्या महिन्यात धावपळ करून काही होत नाही. दोन, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ, जे पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या पातळीवर परीक्षा घेतं. तीन, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. इथे चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं. वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सुटा देता येतो. मराठी माध्यम आहे. पाच विषय पुरतात, त्यांत एक भाषा असली की झालं, तीन भाषांचं ओझं नाही. गणितही सक्तीचं नाही. मात्र गणित सोडलं की पुढच्या बऱ्याच तांत्रिक वाटा बंद होतात, म्हणून मुलाला आकडे अजिबात झेपत नसतील तरच सोडा.

लेखनिकाबद्दल एक सूचना. 'तू सांग, दुसरा लिहील' हे ऐकायला सोपं वाटतं. उत्तर डोक्यात पूर्ण बांधून, विरामचिन्हांसह, दुसऱ्याच्या हाताच्या वेगाने सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. त्याचा सराव निदान वर्षभर आधीपासून हवा.

घरातली माणसं

घरी शिकवायचं ठरलं की बहुतेक घरांत ते आईवर येऊन पडतं. तिची नोकरी सुटते, दुपार जाते, आणि मूल अडलं की दोषही तिलाच. हे मला मुळीच मान्य नाही. वाचनाचा पाठ एकाने घ्यावा, बाकीचं इतरांनी वाटून घ्यावं. आजोबांनी गोष्टी वाचून दाखवाव्यात, बाबांनी रविवारी कुंडलला न्यावं, आत्याने हिशेब करून घ्यावा. आई-मुलाचं अभ्यासावरून रोज भांडण होत असेल तर वाचनाचा पाठ बाहेरच्या कुणाकडे द्या, आठवड्यातून दोन-तीनदा का होईना. दिवसभर आईच शिक्षिका असेल तर त्याला जवळ घेणारी आई कोण? घरात ही माणसंच नसतील, दोघेही कामावर जात असतील, तर शाळा आणि जोडीला चांगली रेमेडियल शिकवणी हाच रस्ता बरा. तोही काही कमी नाही.

मुलाला इतर मुलं मिळालीच पाहिजेत. संध्याकाळचं मैदान, पोहणं, तबल्याचा क्लास, लेझीम, जे त्याला बऱ्यापैकी जमतं ते. वाचनात रोज हरणाऱ्या मुलाला आठवड्यात काही तास तरी जिंकायला मिळावं. आणि जे एका जागी दहा मिनिटंही बसू शकत नाही, सतत हरवतं, विसरतं, त्याची चंचलता-लक्ष (एडीएचडी) या अंगानेही तपासणी करून घ्या. वाचन अक्षमता आणि ही अवस्था बऱ्याचदा जोडीने येतात, आणि एकीवर उपचार न करता दुसरीवर घाम गाळला तर पदरी फारसं पडत नाही.

पुढे सरकतंय का, हे कसं कळायचं? महिन्याच्या पहिल्या रविवारी न वाचलेला सोपा उतारा द्या, एक मिनिट वाचू द्या, फोनवर रेकॉर्ड करा, बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. कोणती अक्षरं पक्की, कोणती कच्ची, तेही लिहा. मुलाची तुलना चुलत भावाशी नको, त्याच्याच मागच्या पानाशी करा. सहा महिन्यांत आकडा हललाच नाही तर काय शिकवतो, कसं शिकवतो ते जाणकाराला दाखवा, आणि शाळेचा पर्याय पुन्हा उघडून बघा. परत घालायचं ठरलं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, त्यासाठी जूनची वाट पाहावी लागत नाही. जाताना ती वही बरोबर न्या, मुख्याध्यापकांपुढे ठेवा, आणि पहिले काही आठवडे त्याला वर्गात मोठ्याने वाचायला उभं करू नका, एवढं वर्गशिक्षकांना हात जोडून सांगून या.